पाव खाल्ला, चिखलात उतरले आणि कोसळले

पत्र राजापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं आहे. नाव न छापण्याची विनंती असल्याने मजकूर थोडा आटोपून देतो.

"माझे यजमान ४३ वर्षांचे आहेत. शेती आणि कलमांची बाग. बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. शिमग्याला दुपारी पुरणपोळी जेवून पालखी नाचवायला गेले आणि अंगभर पित्त उठलं. आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात बसलं. जुलैत लावणीच्या दिवशी सकाळी चार पाव चहाबरोबर खाल्ले, कंबर धरली होती म्हणून एक गोळी घेतली आणि चिखलात उतरले. तास-सव्वातासात तळहात खाजायला लागले, मग तोंड सुजलं आणि तिथेच कोसळले. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली, संध्याकाळी घरी आले. गणपतीत रात्री उसळ-पाव खाऊन जाखडीला उभे राहिले. दोन दिवसांचं जागरण होतं. अर्ध्या तासात गांधी, उलटी, घशात आवळल्यासारखं. दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं, वाटेत मान टाकली होती. गव्हाची ॲलर्जी म्हणावी तर रोज रात्री दोन चपात्या खातात, काही होत नाही. लॅबमध्ये 'गव्हाची' टेस्ट केली ती निगेटिव्ह, 'ग्लूटेनची' केली तीही निगेटिव्ह. मग एकाच्या सांगण्यावरून साडेपाच हजारांची मोठी टेस्ट केली, त्यात नारळ, तांदूळ, बांगडा, वांगं, हळद असं एकवीस पदार्थांपुढे लाल खूण आली. आता जेवायचं काय? सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, गाऱ्हाणं घातलं. हे नक्की काय आहे, तपासायचं कुठे, आणि शेतीचं काम बंद करायचं का? आमचा मुलगा कबड्डी खेळतो, त्याची चपाती बंद करू का?"

ताई, तुम्ही तीन प्रसंग इतक्या नीट लिहिलेत की अर्धं निदान पत्रातच झालंय. तिन्ही वेळा गहू पोटात होता, तिन्ही वेळा त्यावर अर्ध्या ते दोन तासांत अंगमेहनत झाली. रात्रीच्या चपात्या खाऊन ते झोपतात, म्हणून काही होत नाही. एकट्या गव्हाने होत नाही आणि एकट्या मेहनतीनेही होत नाही, दोन्ही एकत्र आले की होतं, असा एक ठरलेला आजार आहे. डॉक्टर त्याला व्यायामाशी जोडलेली गव्हाची ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲनाफिलॅक्सिस म्हणजे सगळ्या शरीराला एकदम व्यापणारी, जीवावर बेतू शकणारी ॲलर्जी. अन्न आणि व्यायाम अशा जोडीने ती येते याची पहिली नोंद १९७९ सालची आहे, आणि त्या रुग्णाने खाल्लं होतं कवचाचं मासळीअन्न. कोकणात हे ध्यानात ठेवलेलं बरं: हीच जोडी कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्यांबरोबरही जमते. तुमच्या तीन प्रसंगांत मात्र धागा गव्हाचा आहे.

निदान पक्कं आहे असं आम्ही पत्रावरून म्हणणार नाही. पण पक्कं होईपर्यंत ते आहेच असं धरून वागा. प्रत्येक वेळी प्रकरण आधीच्यापेक्षा वर चढलंय.

आधी गव्हाची टेस्ट निगेटिव्ह का आली ते सांगतो, कारण बहुतेक घरं इथेच फसतात. गव्हात प्रथिनं अनेक असतात. या आजारात मोठ्या माणसांमध्ये बहुतेक वेळा दोषी असतं ते ओमेगा-५ ग्लायडिन नावाचं एक प्रथिन. १९९९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ते दाखवून दिलं. हे प्रथिन पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात धड विरघळत नाही. लॅबची साधी गव्हाची टेस्ट, किंवा कातडीवर टोचायचा तयार अर्क, गव्हातल्या पाण्यात उतरणाऱ्या भागापासून बनतो, त्यात हे प्रथिन नावापुरतंच असतं. म्हणून आजार असूनही रिपोर्ट कोरा येतो. उलटही होतं: गवताच्या परागांची ॲलर्जी असलेल्यांचा गव्हाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि ते आयुष्यभर चपाती खाऊन सुखी असतात.

तुमची 'ग्लूटेनची' टेस्ट बहुधा टीटीजी-आयजीए असेल, रिपोर्टवर पाहा. ती सिलिअ‍ॅक नावाच्या वेगळ्याच आजाराची असते. त्यात आतड्याचं अस्तर हळूहळू खराब होतं, जुलाब, रक्त कमी, वजन घटणं असं महिनोन् महिने चालतं. तासाभरात गांधी उठून माणूस पडत नाही. ती निगेटिव्ह येण्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर ना इकडे ना तिकडे.

आणि ती एकवीस लाल खुणांची यादी. तिच्यात आयजीजी मोजलं असेल तर ती सरळ बाजूला ठेवा. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच शरीर सांगतंय. रोज भात-नारळ खाणाऱ्या माणसाला तांदूळ-नारळाची लाल खूण येणार नाही तर कोणाला येणार! आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड, मोजलं असेल तरी जे पदार्थ ते बिनतक्रार खातात ते त्या कागदासाठी बंद करायचे नाहीत. बांगडा खा, नारळ वाटा. अशा याद्यांमुळे घरातलं जेवण उद्ध्वस्त होतं आणि खरा दोषी, म्हणजे सकाळचा पाव, यादीत नसल्यामुळे ताटात राहतो. हे पैसे वाया गेले, दुसरं काही म्हणता येत नाही.

करायची टेस्ट ही: रक्तातलं ओमेगा-५ ग्लायडिनचं स्पेसिफिक आयजीई. कंपोनंटचं, म्हणजे त्या सुट्या प्रथिनाचं, नाव ट्राय ए १९, आणि सर्वांत प्रचलित पद्धतीत तिचा कोड एफ ४१६. साध्या गव्हाच्या टेस्टचा कोड एफ ४ असतो, त्यामुळे 'गव्हाची ॲलर्जी टेस्ट' एवढंच लिहून पाठवलंत तर पुन्हा एफ ४ होईल. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून घ्या आणि नमुना देताना काउंटरवर विचारा. स्थानिक लॅब ही तपासणी स्वतः करत नाही, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबला जातो, उत्तराला काही दिवस लागतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. खाजेच्या गोळ्या चालू असल्या तरी या रक्ततपासणीत फरक पडत नाही. आकडा ०.३५ च्या वर आला आणि पत्रातली हकीकत जोडीला असली की निदान बहुतेक पक्कं धरतात. ०.१ ते ०.३५ मध्ये आला तर ॲलर्जीतज्ज्ञ हकिकतीवर जास्त भर देऊन ठरवतील. निगेटिव्ह आला म्हणून मात्र फाईल मिटू नका: साधारण पाचातल्या एका रुग्णात दोषी प्रथिन दुसरं असतं, आणि विशीच्या आतल्या मुलांमध्ये तर ओमेगा-५ अनेकदा सापडतच नाही.

कातडीवर टोचायची टेस्ट करायची असेल तर ती ॲलर्जीतज्ज्ञाकडेच. कोल्हापूर, गोवा, पुणे किंवा मुंबई, तुम्हाला जे सोयीचं असेल ते. त्याआधी खाजेच्या गोळ्या पाच ते सात दिवस बंद लागतात, नाहीतर कातडी गप्प बसते आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. मोठ्या रिॲक्शननंतर चार ते सहा आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण रिॲक्शनमध्ये पेशींचा साठा रिकामा झालेला असतो. जाताना घरचं पीठ आणि ज्या बेकरीचा पाव खाल्ला तिथला एक पाव पिशवीत घेऊन जा; तयार अर्कापेक्षा खऱ्या पदार्थाने टोचलेलं जास्त बोलतं.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर शेवटची परीक्षा म्हणजे हॉस्पिटलमध्ये गहू किंवा ग्लूटेन मोजून खायला देऊन ट्रेडमिलवर पळवतात, कधी आधी ॲस्पिरिनही देतात. सलाईनची सुई लावलेली, ॲड्रेनॅलिन (या रिॲक्शनवरचं जीव वाचवणारं इंजेक्शन) हाताशी, डॉक्टर शेजारी उभे. ही परीक्षा घरी करून बघायची नाही. "बघू या खरंच होतं का" म्हणून पाव खाऊन डोंगर चढणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. शिवाय ही परीक्षा निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं ठरत नाही. ट्रेडमिल म्हणजे लावणीचा दिवस नव्हे.

आता गोळीबद्दल. लावणीच्या दिवशी कंबरेसाठी घेतलेली गोळी या कथेतली तिसरी आरोपी आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या जातीची वेदनाशामकं आतड्याचा अडसर सैल करतात. मेहनतही तेच करते. दोन्हींमुळे गव्हाचं प्रथिन न पचता रक्तात जास्त उतरतं, हे रक्त तपासून दाखवलेलं आहे. काही रुग्णांना तर मेहनतीशिवाय, नुसता पाव आणि ही गोळी एवढ्यावरही रिॲक्शन येते. घरातली सगळी पाकिटं बाहेर काढा आणि बारीक अक्षरं वाचा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात पॅरासिटामॉल आणि खाली असिक्लोफिनॅक, अशा जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास विकल्या जातात. 'अंगदुखीची गोळी' असं सांगून दुकानातून आणायचं बंद. नुसती पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची सहसा चालते, तरी ॲलर्जीतज्ज्ञाला एकदा विचारून ठेवा. दवाखान्यात कंबरेत इंजेक्शन घेतानाही आधी सांगायचं.

बाकीचे साथीदार: दारू, जागरण, ताप-सर्दी, कडक ऊन किंवा उलट गार पाऊस, गरम पाण्याची आंघोळ, आणि बायकांच्या बाबतीत पाळीचे दिवस. गणपतीतल्या प्रसंगात गोळी नव्हती, पण दोन रात्रींचं जागरण होतं. यातले दोन-तीन एकत्र आले की थोड्या गव्हावरही भागतं. एक पाव खाऊन दहा वेळा काही झालं नाही आणि अकराव्या वेळी झालं, याचं कारण बहुधा असंच असतं. म्हणून एक वही घाला: काय खाल्लं, किती नग, किती वाजता, काम कधी सुरू केलं आणि कसलं, कुठली गोळी, झोप किती, ताप होता का, पहिलं लक्षण कुठे आणि किती मिनिटांनी. मागचे तीन प्रसंगही आठवून त्यात उतरवा. डॉक्टरांना ही तीन पानं त्या साडेपाच हजारांच्या रिपोर्टपेक्षा जास्त कामाची आहेत. फोनमध्ये गांधींचे फोटो असतील तर तेही. गाऱ्हाणं घातलंत त्याला हरकत नाही, वही मात्र सोडू नका.

डॉक्टर आणखी काही शक्यता तपासतील, त्यासाठी तुम्ही तयार असा. अंगावर काहीही न उठता नुसतं मेहनत करताना भोवळ आली असेल तर आधी हृदय: ईसीजी आणि टू-डी एको. मेहनतीने किंवा गरम पाण्याने मोहरीएवढ्या बारीक खाजऱ्या पुळ्या येत असतील आणि गव्हाचा संबंध नसेल तर तो घामाच्या पित्ताचा प्रकार, तो त्रासदायक पण सहसा जीवघेणा नाही. बर्फात नीट न ठेवलेल्या बांगडा-सुरमईत हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. त्याने तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, पण त्या दिवशी तो मासा खाणाऱ्या घरातल्या बहुतेकांना ते होतं. बागेत ओंबील, गांधीलमाशी, मधमाशी चावली होती का तेही आठवा.

आणि एक शक्यता खास दमट किनाऱ्याची. पावसाळ्यात महिनाभर उघड्या राहिलेल्या रव्या-मैद्यात धुळीतल्या जातीचे डोळ्यांना न दिसणारे माईट वाढतात. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असलेल्या माणसाने त्या पिठाचं काही खाल्लं की ॲनाफिलॅक्सिस येते, भाजल्या-तळल्याने तो धोका जात नाही, आणि गंमत म्हणजे अशा रुग्णांनाही वेदनाशामक गोळ्या बऱ्याचदा सोसत नाहीत. ओळख अशी की ताज्या पिठाचं खाऊन काही होत नाही, जुन्या डब्यातलं खाल्लं की होतं. तुमच्या घरी पुरणपोळी, बेकरीचा पाव, उसळ-पाव असे तीन वेगळे स्रोत आहेत, म्हणून आम्हाला ही शक्यता कमी वाटते. तरी रवा-मैदा घट्ट डब्यात, फ्रिजमध्ये, आणि थोडाथोडाच आणायचा. ज्यांच्या घरी दमेकरी आहे त्यांनी तर नक्कीच.

पुढचा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा, कारण तो माणूस पडलेला असताना उपयोगी पडायचा आहे.

सुरुवात बहुधा तळहात, तळपाय, टाळू किंवा जांघेच्या खाजेने होते. त्याच क्षणी काम थांबवायचं. "एवढी ओळ लावून येतो" नाही. थांबल्याने काही वेळा पुढचं टळतं. पित्त म्हणून आमसूल लावत बसण्यात वीस मिनिटं जातात, आणि ती वीस मिनिटंच मोलाची असतात. गांधींच्या जोडीला घसा आवळणं, आवाज बसणं, दम लागणं, उलटी, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही एक आलं की ती ॲनाफिलॅक्सिस समजा. कधी गांधी न उठताच माणूस पांढरा पडतो.

याला औषध एकच, ॲड्रेनॅलिन, आणि ते मांडीच्या स्नायूत. खाजेचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड ही नंतरची औषधं. ती गांधी बसवतात, पडलेलं बीपी उचलत नाहीत. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य "ॲलर्जी झाली" असं नको, "ॲनाफिलॅक्सिस आहे, ॲड्रेनॅलिन द्या" असं हवं. लसीकरणाच्या ठिकाणी हे इंजेक्शन ठेवावंच लागतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असतं. तुमच्या केंद्रात कोणत्या वेळी कोण असतं ते आजच विचारून ठेवा.

गणपतीत तुम्ही त्यांना दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेलंत. त्यावेळी दुसरं सुचणं अवघड होतं, पण पुन्हा असं करू नका. या रिॲक्शनमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त पायांकडे साचतं. माणसाला उभं केलं किंवा ताठ बसवलं की हृदयाकडे परतणारं रक्त एकदम आटतं. अशा वेळी काही मिनिटांत मृत्यू झाल्याची उदाहरणं आहेत. वाटेत त्यांनी मान टाकली ती बहुधा यामुळेच. म्हणून जिथे पडले तिथेच, चिखलातून बांधावर आडवं करा, पाय वीतभर वर उचलून धरा. उलटी होत असेल तर कुशीवर. दम जास्त लागत असेल तर पाय लांब पसरून पाठीला टेकण देऊन बसवा, पण उभं करून चालवत न्यायचं नाही. १०८ ला फोन. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर फळी, शिडी, खाट, जे मिळेल त्यावर आडवं उचलून रस्त्यापर्यंत. रिक्षापेक्षा टेम्पोचा हौदा किंवा मागची सीट पाडलेली गाडी बरी.

परदेशात मांडीवर दाबलं की आपोआप टोचणारं पेन मिळतं. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाही आणि महाग पडतं. म्हणून इथले तज्ज्ञ अनेकदा अँप्युल (औषधाची काचेची छोटी बंद कुपी) आणि सिरिंजचा डबा लिहून देतात, आणि शिकवतात. तुम्ही मागून घ्या. डब्यात काय असावं: १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅम ताकदीच्या ॲड्रेनॅलिनच्या दोन अँप्युल, २ मिलीच्या दोन सिरिंज, २३ नंबरच्या एक इंच लांबीच्या सुया, थोडा कापूस, आणि डॉक्टरांनी सहीनिशी लिहिलेला मात्रेचा कागद. मोठ्या माणसाची मात्रा साधारण ०.५ मिली, म्हणजे अर्धी अँप्युल. मुलांसाठी वजनामागे किलोला ०.०१ मिली. तुमच्या यजमानांचा आकडा मात्र डॉक्टरांच्या कागदावरचाच धरायचा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे मेडिकलवाला इन्सुलिनची सिरिंज देतो. तिची सुई इतकी आखूड की औषध चरबीतच राहतं, आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात. आपल्याकडच्या साध्या इन्सुलिन सिरिंजवर १ मिली म्हणजे ४० युनिट. घाबरलेल्या माणसाने तो हिशेब करावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

देताना: अँप्युलचं डोकं टिचकीने झटकून औषध खाली आणा, मानेला कापूस धरून तोडा, अर्धा मिली ओढा, हवा काढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघ्याच्या मध्यावर, सुई सरळ काटकोनात पूर्ण आत. लुंगी-पँटीवरून दिलं तरी चालतं. शिरेत कधीही नाही. नंतर दहा-पंधरा मिनिटं छाती धडधडेल, हात थरथरतील; ते औषधाचं काम आहे, घाबरू नका. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसऱ्या मांडीत दुसरी मात्रा. त्यानंतर बरं वाटलं तरी दवाखाना टळत नाही, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. बीपी पडलं असेल तर निदान सहा ते बारा तास देखरेखीखाली राहायला हवं. लावणीच्या दिवशी ते संध्याकाळी घरी आले ते नशिबाने निभावलं. डबा फ्रिजमध्ये नको, गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. घरातल्या गार अंधाऱ्या जागेत, आणि शेतात जाताना न्याहारीच्या पिशवीत. औषध गुलाबी-तपकिरी दिसलं किंवा तारीख उलटली की बदला. होडीवर जाणाऱ्यांनी चार अँप्युल ठेवाव्यात, किनारा तास-दोन तासांवर असतो.

शक्य झालं तर दवाखान्यात रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे रिॲक्शनमध्ये पेशींतून सुटणारं द्रव्य, मोजायला सांगा. रिॲक्शन सुरू झाल्यापासून अर्धा तास ते दोन तास ही चांगली वेळ, फार तर चार. दुसरा नमुना २४ तास उलटल्यावर. पहिला आकडा, दुसऱ्याची १.२ पट अधिक २, याहून जास्त असेल तर ॲनाफिलॅक्सिसच होती हे कागदावर येतं.

बीपीच्या गोळीचं नाव पाहा. शेवट 'लोल'ने होत असेल, जसं ॲटेनोलोल किंवा मेटोप्रोलोल, तर ॲड्रेनॅलिनचा गुण कमी येऊ शकतो. 'प्रिल'ने होत असेल तर सूज वाढू शकते. स्वतःहून बंद करू नका, पण ज्यांनी लिहून दिली त्यांना हे तीन प्रसंग सांगून बदलता येईल का विचारा.

आता जेवण आणि काम. पुस्तकात दोन मार्ग असतात: गहू पूर्ण बंद, किंवा मेहनतीच्या आधी चार ते सहा तास गहू नाही आणि मेहनतीनंतरही तासभर नाही. दुसरा मार्ग ठरल्या वेळी जिमला जाणाऱ्यांना ठीक आहे. शेतकऱ्याचं काम वेळ सांगून येत नाही. रात्री चपाती खाऊन झोपलेल्या माणसाला गुरं सुटली म्हणून पळावं लागतं, वादळात बागेत धावावं लागतं. दोनदा इतका जोराचा झटका आल्यावर आमचं मत स्पष्ट आहे: तज्ज्ञाची भेट आणि टेस्ट होईपर्यंत गहू पूर्ण बंद, आणि निदान पक्कं झालं तर पुढेही बंदच. फक्त टीटीजी-आयजीए पुन्हा करायची ठरली तर ती गहू सोडण्याआधी करा.

कोकणात हे इतरांइतकं कठीण नाही. तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळ्या, नाचणीची भाकरी, शिरवळे, पोहे, उकडीचे मोदक, पातोळ्या, सांदणं, सगळं चालतं. सांदणात फक्त तांदळाचाच रवा आहे ना ते पाहा. गहू लपतो तो इतरत्र. मासे रव्यात घोळवून तळतात तिथे तांदळाचं पीठ घ्या. वड्यांच्या आणि थालिपिठाच्या भाजणीत मूठभर गहू घालायची पद्धत अनेक घरांत आहे, विकतच्या पिठात तर असतोच. बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. डबीवर घटक वाचा, तांदळाच्या पिठाचा किंवा डिंकाचा हिंग मिळतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. सत्यनारायणाचा शिरा, करंज्या, बेकरीची खारी-बटर-टोस्ट हे दिसतंच आहे. खपली हाही गहूच, 'देशी आहे, सोसतो' हे या ॲलर्जीत खरं नाही. जव आणि राय यांची प्रथिनं ओमेगा-५ सारखीच असल्याने तीही टाळा. म्हणजे माल्टची दुधात घालायची पावडर आणि बिअर. गिरणीत गव्हावरच्या घाण्यात तांदूळ दळून आणू नका. सकाळी पहिलं दळण तुमचं लावायला सांगा. पाकिटबंद पदार्थावर ॲलर्जनची ओळ छापणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने सक्तीचं आहे, 'ग्लूटेन फ्री' म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नाही.

साबण-शाम्पूच्या पाठीवर हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन लिहिलेलं असेल तर ते घरात नको. जपानमध्ये अशा एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी जडली, आणि त्यातल्या अनेकांना पाव खाऊन चालल्यावर रिॲक्शन आल्या.

काम बंद करायचं का? नाही. गहू थांबला की लावणी, कलमं, पालखी सगळं करता येईल, फक्त पहिले काही महिने एकट्याने डोंगरावरच्या बागेत जायचं नाही, फोन आणि डबा जवळ हवा, आणि सोबतच्या माणसाला इंजेक्शन देता यायला हवं. तुम्ही स्वतः, आणि लावणीला येणाऱ्यांपैकी एक जण, असे दोघे शिका. रिकाम्या सिरिंजने संत्र्यावर सराव करतात.

मुलाची चपाती चालू ठेवा. त्याला कधी खेळताना गांधी किंवा घसा आवळण्याचा त्रास झालेला नसेल तर त्याची टेस्टही करू नका. लक्षणं नसताना केलेल्या टेस्टमधून नुसता गोंधळ निघतो, तो तुम्ही एकदा पाहिलात. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायची सवय या मुलांना असते, ती मात्र त्याच्यासकट सगळ्या संघाची मोडा.